गीझर दुरुस्त करायचा की बदलायचा, हे कशावरून ठरवायचं?

कोमट_पाणी (धागाकर्ता)

साठवणीचा विजेचा गीझर आहे. २५ लिटर, २००० वॉट, पोलादी टाकी, आतून इनॅमलचा थर. नववं वर्ष चालू आहे. मॅग्नेशियमचा रॉड आजवर एकदाही बदललेला नाही. पाणी क्षाराचं, नळाच्या तोट्यांवर पांढरं किटण धरतं.

सध्याची लक्षणं अशी:

गरम पाणी कमी पडतं. पूर्वी दोन बादल्या निघायच्या, आता जेमतेम दीड. तापायचा दिवा पूर्वी अर्ध्या तासाने विझायचा, आता १८ मिनिटांतच विझतो.
तापताना आतून कडकड, टकटक असा आवाज येतो.
सकाळचा पहिला मग लालसर निघतो.
खालच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून तापताना पाणी ठिबकतं.

एका मिस्त्रीचं मत, कॉईल बदला, अजून पाच वर्षं चालेल. दुसऱ्याचं मत, नऊ वर्षं झाली, आता फेकाच. दोघांनीही कारण सांगितलं नाही. यातलं कोणतं लक्षण दुरुस्तीचं आणि कोणतं बदलण्याचं? घरच्या घरी काय तपासता येईल? जाणकारांनी सविस्तर सांगावं.


पाना_पक्कड

आधी एक गोष्ट पक्की धरा, म्हणजे पुढचा गोंधळ होणार नाही. गीझर म्हणजे टाकी. कॉईल, थर्मोस्टॅट (ठरलेल्या तापमानाला वीज तोडणारा), कटआउट (थर्मोस्टॅट फसला तर वीज तोडणारा), व्हॉल्व्ह, गास्केट (जोडातली रबरी चकती), रॉड हे सगळे सुटे भाग आहेत आणि ते बदलण्यासाठीच बनवलेले असतात. पाणी गरम होत नाही, उशिरा होतं, जास्तच होतं, एमसीबी पडतो या तक्रारींचा टाकीशी बहुतेक वेळा संबंध नसतो. टाकी शाबूत आहे का, एवढाच खरा प्रश्न. वय हा इशारा आहे, निकाल नाही. अशा गीझरचं आयुष्य साधारण ८ ते १२ वर्षं धरतात, पण रॉड वेळेवर बदललेली टाकी त्यापुढेही चालते आणि रॉडकडे कधीच न पाहिलेली पाच वर्षांतही गळते.

आता तुमचे आकडे घेऊ. २५ लिटर पाणी २४ अंशांवरून ६० अंशांपर्यंत न्यायला साधारण १.०५ युनिट वीज लागते. २००० वॉटच्या कॉईलला त्यासाठी ३१-३२ मिनिटं लागतात. म्हणजे पूर्वीचा अर्धा तास बरोबर होता. १८ मिनिटांत फक्त ०.६ युनिट आत जाते आणि पाणी २०-२१ अंशांनीच वाढतं, म्हणजे ४५ अंशांच्या आसपास पोचतं. गीझर लवकर तापत नाहीये, थर्मोस्टॅट लवकर बंद होतोय. गरम पाणी कमी पडण्याचं कारणही हेच. ६० अंशांच्या २५ लिटरमध्ये गार पाणी मिसळून अंघोळीचं ४० अंशांचं पाणी कागदावर ५६ लिटर होतं. प्रत्यक्षात शेवटचं पाणी गार निघतं, म्हणून ४५ लिटर धरा. ४५ अंशांच्या टाकीतून तेच कागदावर ३२-३३ लिटर होतं.

थर्मोस्टॅट लवकर का बंद होतो? त्याची दांडी कॉईलच्या अगदी शेजारी असते. दोघांच्या मध्ये क्षार साचून दगड झाला की कॉईलची उष्णता पाण्यात जायच्या आधी दांडीला लागते आणि तो फसतो. खात्री करायची असेल तर दिवा विझल्यावर एक थेंबही पाणी न काढता लक्ष ठेवा. पाच-दहा मिनिटांत दिवा पुन्हा लागला, पुन्हा विझला, असं चालू राहिलं तर क्षारच आहेत. चांगल्या गीझरमध्ये पाणी न काढता दिवा निदान दोन-तीन तास तरी विझलेला राहतो.

आवाजही त्याच कुळातला. क्षारांच्या खपलीखाली अडकलेलं पाणी उकळून वाफ होते, ते बुडबुडे गार पाण्यात फुटतात, तोच कडकडाट. सुरुवातीचा हलका सूं-सूं आवाज नव्या गीझरमध्येही येतो, त्याची काळजी नको.

बरेचजण सांगतात की कॉईलवर क्षार बसले की पाणी तापायला जास्त वेळ लागतो. विजेच्या गीझरला हे लागू नाही. कॉईल २००० वॉट ओढत असेल तर ते सगळे २००० वॉट अखेर पाण्यातच जातात, दुसरीकडे जायला जागाच नाही. क्षारांमुळे कॉईल स्वतः जास्त तापते, तिचं आवरण फुटतं आणि ती लवकर मरते. वेळ वाढला असेल तर कॉईलला दोष देण्याआधी व्होल्टेज मोजा. २३० ऐवजी १८० व्होल्ट येत असतील तर २००० वॉटची कॉईल १२२५ वॉटच देते आणि अर्ध्या तासाचं काम ५० मिनिटांवर जातं.

तेव्हा तुमची पहिली दोन लक्षणं दुरुस्तीची. लाल पाणी आणि ठिबक यांवर दुसऱ्या कोणी लिहिलं नाही तर मी लिहीन.


खारट_विहीर

लाल पाण्याबद्दल लिहितो, कारण निकाल तिथेच लागणार आहे.

पहिला मग लाल, एवढ्यावरून काहीच ठरत नाही. रात्रभर नळीत उभं राहिलेलं पाणी जुन्या लोखंडी पाइपमधूनही लाल येतं. हे करा: सकाळी कोणीही पाणी वापरायच्या आधी पांढऱ्या मगात गार नळाचं पाणी घ्या. मग गरम नळाचे तीन मग घ्या: अगदी पहिला, दोन लिटर सोडल्यावर दुसरा आणि आठ-दहा लिटर सोडल्यावर तिसरा. गार पाणीही लाल असेल तर दोष पाइपचा किंवा वरच्या टाकीचा. गरमचा फक्त पहिला लाल असेल तर गीझर आणि नळ यांच्यामधल्या जोडणीचा, बहुतेक वेळा गंजलेल्या निपलचा (आखूड जोडनळीचा). तिसरा मगही लाल असेल तर गंज टाकीत आहे.

इनॅमल म्हणजे पोलादावर ८०० अंशांच्या आसपास भाजून बसवलेली काच. त्या थरात कुठे ना कुठे सुईच्या टोकाएवढी छिद्रं राहतातच, विशेषतः सांध्यांवर आणि नळ्यांच्या तोंडापाशी. मॅग्नेशियमचा रॉड तिथेच कामाला येतो. मॅग्नेशियम लोखंडाच्या आधी झिजतं आणि स्वतः संपत असताना उघड्या पोलादाला वाचवतं. रॉड संपला की त्याच छिद्रांतून गंज सुरू होतो. म्हणून रॉड हा गीझरमधला सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात दुर्लक्षित भाग आहे. नऊ वर्षं क्षाराच्या पाण्यात रॉड टिकला असेल अशी आशा धरू नका.

फ्लँज (कॉईल ज्यावर बसवलेली असते ती चकती) उघडायला लावा आणि रॉड पाहा. अर्ध्याहून अधिक जाडी शिल्लक असेल तर चांगला. मधली तार कुठेही उघडी दिसत असेल तर बदला. आणखी दोन गोष्टी पाहायच्या. रॉडवर क्षारांचं जाड कवच चढलं असेल तर रॉड जाड दिसतो पण काम करत नसतो. ते कवच खरवडल्याशिवाय जाडी मोजू नका. आणि रॉडचा धातू टाकीला नीट टेकलेला हवा. बसवायच्या जागी गंज असेल तर नवा रॉडसुद्धा नुसता शोभेला राहतो.

पाणी मऊ करणारं यंत्र लावलेल्या घरांत क्षार कमी बसतात, पण रॉड जास्त वेगाने झिजू शकतो. तिथे वर्षातून एकदा पाहावा. इतरत्र पहिली तपासणी दीड-दोन वर्षांनी, आणि मग तो किती झिजला आहे ते पाहून पुढचं अंतर ठरवावं.

स्टेनलेस स्टीलच्या टाकीचं गणित वेगळं. पाण्यात क्लोराइड, म्हणजे मिठाचा अंश, जास्त असेल तर ती वेल्डिंगच्या कडेने बारीक टोचल्यासारखी खाल्ली जाते आणि लाल पाणी न दाखवताच एक दिवस गळू लागते. खारट बोअरचं पाणी असेल तिथे स्टेनलेस म्हणजे गंजणारच नाही, या समजात राहू नका.


तांब्याची_तार

विजेची बाजू. इथे चूक झाली तर माणूस जातो, म्हणून थोडं सविस्तर.

मेन एमसीबी बंद करा आणि प्लग काढा. बटण बंद केलं एवढं पुरेसं नाही, कारण चुकीच्या वायरिंगमध्ये बटण फेजऐवजी न्यूट्रल तोडतं. कॉईलच्या दोन्ही पिनांवरच्या वायरी सोडवा, मगच मल्टीमीटर लावा. २३० व्होल्टच्या २००० वॉट कॉईलचा रोध २६-२७ ओहम यायला हवा, ३००० वॉटचा १७-१८. अनंत दाखवलं तर कॉईल तुटली. दोन्ही पिना आणि धातूचं आवरण यांच्यामध्ये मल्टीमीटरने कुठलाही रोध मोजला जात असेल तर ती फुटली किंवा ओलावली आहे. नक्की निकाल ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन तपासायच्या मीटरने) लागतो. एक मेगाओहमच्या खाली असेल तर ती कॉईल वापरात ठेवू नये.

कित्येक महिने बंद राहिलेल्या गीझरने पहिल्या दिवशी आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) पाडला म्हणजे कॉईल मेलीच असं नव्हे. आतली पांढरी भुकटी (मॅग्नेशियम ऑक्साइड) हवेतली ओल पिते. काढून कोरड्या उष्णतेत वाळवली की मेगरचा आकडा वर चढतो. आधी आकडा चांगला आणि तापल्यावर पाच-दहा मिनिटांनी आरसीसीबी पडतो, असं होत असेल तर आवरणाला बारीक तडा आहे. तापून तो उघडतो, गार होऊन मिटतो. अशी कॉईल वाळवून उपयोग नाही.

आरसीसीबी पडतो म्हणून अर्थची वायर काढून ठेवणारे मिस्त्री आहेत. तसं केलं की आरसीसीबी पडायचा थांबतो आणि तो करंट नळातून अंघोळ करणाऱ्याच्या अंगात जायची वाट बघत राहतो. नळाला हात लावल्यावर मुंग्या आल्या तरी गीझर त्या क्षणापासून बंद, कारण सापडेपर्यंत बंदच.

कटआउटचं लाल बटण वरचेवर बाहेर येत असेल तर ते दाबत राहू नका. थर्मोस्टॅट चिकटला आणि पाणी उकळीकडे निघालं की कटआउट तोडतो. महिन्यातून दोनदा तोडत असेल तर थर्मोस्टॅट बदला. कटआउट वायरने जोडून टाकणं म्हणजे बंद भांड्याची शिट्टी वितळवून बुजवणं.

प्लगही पाहा. २००० वॉट म्हणजे ८.७ अँपिअर. पिन सैल असेल आणि तिथे नुसता १० व्होल्टचा घसारा होत असेल तरी प्लगमध्ये ८०-८५ वॉट उष्णता तयार होते. तपकिरी पडलेला, वास येणारा प्लग म्हणजे सॉकेट आणि प्लग दोन्ही बदला. एकच बदलला तर जुना नव्याला जाळतो. १६ अँपिअरचं सॉकेट, २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, मधे एक्स्टेन्शन बोर्ड नाही.

यातलं काहीही गीझर फेकण्याचं कारण नाही.


पाना_पक्कड

@तांब्याची_तार +१. अर्थ काढणाऱ्यांबद्दलच्या प्रत्येक शब्दाला.

आता ठिबक. पाणी तापलं की फुगतं. २४ अंशांवरून ६० ला जाताना जवळजवळ दीड टक्का, म्हणजे २५ लिटरमागे साधारण साडेतीनशे मिलिलिटर. सेफ्टी व्हॉल्व्हमधली एकेरी झडप ते पाणी मागे पाइपात जाऊ देत नाही, म्हणून ते व्हॉल्व्हच्या छोट्या तोंडातून बाहेर पडतं. तापताना थेंब थेंब आणि दिवा विझल्यावर बंद: व्हॉल्व्ह त्याचं काम करतोय. ते तोंड बूच मारून किंवा एमसीलने कधीही बुजवू नका. त्याला नळी जोडून खालच्या जाळीपर्यंत न्या. नळीचं खालचं टोक उघडं हवं आणि नळी कुठेही वर चढता कामा नये.

गीझर गार असतानाही दिवसभर ठिबकत असेल तर दोन शक्यता. झडपेच्या बैठकीत क्षाराचा कण अडकला आहे, तेव्हा व्हॉल्व्हची तरफ दोन-तीनदा उचलून पाणी जोरात जाऊ द्या. थांबलं नाही तर व्हॉल्व्ह बदला. नाहीतर पाण्याचा दाब जास्त आहे. दहा मीटर उंचीमागे सुमारे १ बार दाब येतो आणि हे व्हॉल्व्ह बहुधा ८ बारला उघडतात, म्हणून वरच्या टाकीच्या नुसत्या उंचीने असं सहसा होत नाही. प्रेशर पंप असेल तर त्याच्या चालू-बंद होण्याच्या धक्क्याने होतं. तिथे दाब कमी करणारा व्हॉल्व्ह लावायचा.

खरी गळती शोधायची तर कोरडा टिश्यू कागद घ्या. प्रत्येक जोड आधी पुसून कोरडा करा, मग एकेका जागी कागद दाबा: वरून खाली, नळ्यांचे आटे, व्हॉल्व्हची मान, मधलं झाकण. आट्यांची गळती टेफ्लॉन टेपने, फ्लँजची गळती नव्या गास्केटने जाते. हे सगळे जोड कोरडे आणि तरीही बाहेरच्या कवचाच्या तळातून, शिवणीतून किंवा मधल्या झाकणाच्या कडेने पाणी येतं, त्यात गंजाचा डाग असतो, म्हणजे टाकी फुटली आहे आणि पाणी आतल्या फोममधून झिरपून येत आहे. त्यापुढे तपासण्यासारखं काही उरत नाही. प्लग काढा, येणारं पाणी बंद करा, बदला.

इनॅमलच्या टाकीला वेल्डिंग करून देतो म्हणणारे भेटतील. वेल्डिंगच्या उष्णतेने आजूबाजूच्या वीतभर जागेतली काच तडकते आणि एका छिद्राच्या जागी दहा तयार होतात. तांब्याची टाकी मात्र झाळून खरंच दुरुस्त होते.


कोमट_पाणी (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. सांगितल्याप्रमाणे तपासून घेतलं:

दिवा विझल्यावर ७ मिनिटांनी पुन्हा लागतो.
गार पाणी स्वच्छ. गरमचा पहिला मग लाल, दुसरा फिकट लाल, तिसराही पिवळसर.
ठिबक तापतानाच, बाटलीत धरल्यावर साधारण दोन कप. गार झाल्यावर बंद.
कॉईल २७ ओहम, मेगर चांगला.
फ्लँज उघडल्यावर रॉडची नुसती तार राहिलेली, ती पण खाली तुटून पडलेली. कॉईलभोवती क्षारांचा दगड. टाकीतून दीड-दोन तांबे पांढऱ्या खपल्या निघाल्या. फ्लँजच्या आतल्या बाजूला गंजाचे पोपडे आहेत.
बाहेरून गळती कुठेही नाही.

नवा रॉड, नवं गास्केट आणि कॉईल साफ केली तर चालेल का? गीझर माळ्याखाली, दाराच्या वर टांगलेला आहे.


खारट_विहीर

निर्णय टाकीच्या भिंतीवर अवलंबून आहे, फ्लँजवर नाही. फ्लँज ही वेगळी चकती असते आणि ती नवी मिळू शकते. फ्लँज उघडी आहे तोवर टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन आत पाहा. मोबाईलचा कॅमेरा आत धरून व्हिडिओ काढला तरी चालेल. चांगलं इनॅमल निळसर किंवा राखाडी, काचेसारखं चकचकीत दिसतं. त्यावरचे तपकिरी ओघळ ओल्या फडक्याने पुसून पाहा. पुसले गेले आणि खाली काच चमकली तर गंज फ्लँजवरून वाहून आलेला आहे. पुसले न जाणारे, बोटाला फोडासारखे लागणारे गंजाचे उंचवटे दिसले, विशेषतः मधल्या शिवणीवर किंवा नळ्यांच्या तोंडाभोवती, तर तिथे काच गेली आहे आणि पोलाद खाल्लं जातंय. तो फोड खरवडून पाहायचा मोह आवरा, बऱ्याचदा भोक बुजवून ठेवलेलं असतं ते त्या गंजानेच.

फोड नसतील तर रॉड, गास्केट, फ्लँज बदला, अजून काही वर्षं निघतील. फोड असतील तर माझ्या मते बदला. नवा रॉड गंजाचा वेग कमी करतो, खाल्लेलं पोलाद भरून देत नाही.


पाना_पक्कड

इथे थोडा मतभेद. एक-दोन बारीक फोड असतील, टाकी गळत नसेल आणि गीझर अशा जागी असेल जिथे पाणी सांडलं तरी खालच्या जाळीत जाईल, तर रॉड घालून वर्ष-दोन वर्षं वापरायला हरकत नाही. टाकी फुटण्याची सुरुवात बहुतेक वेळा ओल आणि ठिबक अशीच होते, एकदम लोंढा येत नाही. पण तुमचा गीझर दाराच्या वर, माळ्याखाली आहे. तिथे ओल लगेच दिसणार नाही आणि माळ्यावरचं सामान भिजेल. शिवाय भरलेल्या गीझरमध्ये नुसतं पाणीच २५ किलो असतं आणि गळती भिंतीकडून असेल तर टांगणीचे बोल्ट आधी गंजतात. या जागेसाठी @खारट_विहीर म्हणतात तेच बरोबर.

टाकी चांगली निघाली तर साफसफाई अशी: कॉईल काढून सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात ठेवा, लिटरला ५० ते १०० ग्रॅम, कोमट पाणी, तासभर. पिना आणि वायरी जोडायची बाजू पाण्याबाहेर. फेस थांबला आणि खपली अजून असेल तर ताजं द्रावण करा. हातोडी, छिन्नी, स्क्रू-ड्रायव्हर काही मारू नका, आवरण फुटतं. बाथरूम धुवायचं तीव्र ॲसिड तर अजिबात नाही, ते धातूच खातं. टाकीतल्या खपल्या हाताने आणि प्लॅस्टिकच्या चमच्याने काढा. लोखंडी सळई घालून खरवडली की चांगल्या काचेला तुम्हीच तडा देता. थर्मोस्टॅटची दांडी ज्या नळीत बसते ती नळीही साफ झाली पाहिजे, नाहीतर १८ मिनिटांचा प्रश्न तसाच राहील. गास्केट दर वेळी नवं. फ्लँजचे बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे आवळत जा, एकाच बाजूने आवळले की चकती तिरकी बसते आणि आठवड्यात गळते.

सगळ्यात शेवटी, आणि यात हयगय नको: गरम नळ उघडा ठेवून पाणी भरा. हवेचे फुर्र-फुर्र थांबून सलग धार आली की नळ बंद करा, मगच वीज. कोरड्या टाकीत कॉईल काही मिनिटांत जळते.


निळी_ज्योत

धागा विजेच्या गीझरचा आहे, पण शीर्षक वाचून गॅस गीझरवालेही येतील, म्हणून थोडं अवांतर. वरचं गणित तिथे चालत नाही. तिथे उष्णता-विनिमयक (तांब्याची पन्हाळी-पन्हाळी असलेला वरचा डबा) हेच हृदय. ज्योत निळी हवी. ती पिवळी झाली, वरच्या पत्र्यावर काजळी धरली, तर हवा अपुरी पडतेय किंवा पन्हाळ्या काजळीने बुजल्यात आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतोय. त्याला रंग नाही, वास नाही. डोकं दुखणं, गरगरणं, मळमळ हीच त्याची खूण, आणि तोवर दार उघडून बाहेर पडण्याची ताकदही जाऊ शकते. बंद बाथरूममध्ये असा गीझर जुना असो की नवा, चालूच नये. तो बाहेर, मोकळ्या हवेत हवा. साफ करूनही काजळी परत येत असेल किंवा तो डबा गळत असेल तर दुरुस्तीत वेळ घालवू नका. ज्योत पेटत नाही ही तक्रार मात्र बहुतेक वेळा बॅटरीची किंवा पाण्याच्या कमी दाबाची असते.


कोमट_पाणी (धागाकर्ता)

आरसा धरून पाहिलं. मधल्या शिवणीवर चार आणि गार पाण्याच्या तोंडाभोवती दोन, न पुसले जाणारे फोड. बदलतो. नवा बसवताना आणि नंतर काय पाळायचं?


खारट_विहीर

योग्य निर्णय. जुन्याचं काहीही नव्यावर लावू नका: सेफ्टी व्हॉल्व्ह, लवचिक जोडनळ्या, टांगणीचे बोल्ट, सगळं नवं. गीझर आणि सेफ्टी व्हॉल्व्ह यांच्यामध्ये बंद करता येणारा कॉक कधीही बसवू नका. बसवायचा तर व्हॉल्व्हच्या अलीकडे, गार पाण्याच्या बाजूला. तिथे तो हवाच, म्हणजे पुढच्या दुरुस्तीला सगळ्या घराचं पाणी तोडावं लागणार नाही. फ्लँज खाली उघडते ना ते पाहा आणि कॉईल-रॉड सरळ बाहेर काढता येतील एवढी मोकळी जागा खाली ठेवा. दाराच्या वर ती जागा नसेल तर गीझरची जागाच बदला. रॉडची तपासणी पुढे ढकलली जाते ती बऱ्याचदा या अडचणीमुळे.

नवा जोडायच्या आधी मिक्सरही (गरम-गार पाण्याचा एकत्र नळ) तपासून घ्या, जुना गीझर चालू आहे तोवरच. गीझरला जाणारं गार पाणी बंद करा आणि गरम नळ उघडा. थोडं पाणी येऊन थांबलं तर ठीक. धार चालूच राहिली तर मिक्सरमधून किंवा जेटच्या नळातून गार पाणी गरमच्या नळीत शिरतंय. तो दोष राहिला तर नव्या गीझरमधूनही कोमटच पाणी मिळेल.

थर्मोस्टॅट ६० अंशांवर ठेवा. ७५ वर ठेवलं तर क्षार फार वेगाने बसतात. ४५ वर ठेवलं तर साठलेल्या पाण्यात लिजिओनेला नावाचे जंतू वाढू शकतात. गावाहून परतल्यावर आधी एकदा पूर्ण ६० पर्यंत तापवून मगच शॉवर घ्या. घरात लहान मूल किंवा म्हातारं माणूस असेल तर बादलीत आधी गार पाणी, मग गरम. ६० अंशांच्या पाण्याने काही सेकंदांत गंभीर भाजतं.


तांब्याची_तार

गरम पाण्याला सडक्या अंड्यासारखा वास येऊ लागला तर घाबरून रॉड काढून टाकू नका. पाण्यातले काही जंतू आणि मॅग्नेशियम यांच्यामुळे तो येतो. टाकी धुवा, ६५ अंशांवर तापवून ते पाणी सोडून द्या. तरी राहिला तर ॲल्युमिनियम-जस्ताचा रॉड घाला.

आणि दुकानातून आणल्यावर रॉड कुठे बसवलाय, फ्लँजवर की वेगळ्या बोल्टवर, त्याचा फोटो आजच काढून ठेवा. बसवल्याची तारीख गीझरच्या बाजूला पर्मनंट मार्करने लिहा आणि त्याखाली "रॉड पाहिला:" असं लिहून पुढे चार तारखांपुरती जागा सोडा.